भर उन्हात वापरली, काही त्रास नाही

वरची ओळ माझी आहे. गाड्यांची माहिती देणाऱ्या एका वेबसाइटवर, एका ऑटोमॅटिक गाडीच्या पानावर, ‘मालकांची मते’ या भागात ती अजून वाचायला मिळते. पुढे जिल्हा लिहिला आहे धुळे, आणि पाचपैकी पाच तारे. तिच्या मागेपुढे धुळ्याचीच आणखी काही मतं आहेत. एक शेतकऱ्याचं वाटतं, एक ठेकेदाराचं, एक निवृत्त माणसाचं. ती सगळी मीच लिहिली आहेत.

धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत असे. नमुना कसा घ्यावा, लोक खोटी उत्तरं का देतात, ती ओळखायची कशी, हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळे अजूनही कॉलनीतलं कोणी नवी गाडी घ्यायला निघालं की मोबाईल माझ्यापुढे धरतं. “सर, हिला भरवशाचे गुण चांगले दिलेत. मानायचे का?” मी काहीतरी मोघम बोलतो आणि झाडांना पाणी घालायचं निमित्त करून आत जातो. ज्या माणसाने हा प्रश्न मला सर्वांत विश्वासाने विचारला होता, त्याला मी काय उत्तर दिलं ते आता लिहून टाकतो.

आमचं मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात. आम्हा चुलतभावांत नाना सगळ्यांत मोठे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर गाडी घ्यायची आमच्याकडे हौस असते. त्या वर्षी आमच्यापैकी पाच घरांना गाडी घ्यायची होती, तेव्हा नानांनी डोकं लढवलं. वेगवेगळ्या गाड्या घेण्यापेक्षा पाचही जणांनी एकच मॉडेल घ्यायचं, एकाच शोरूममधून, एकाच दिवशी. म्हणजे शोरूमवाला वाकेल. तो वाकला. धुळ्याहून पाच पांढऱ्या गाड्या एकामागून एक गावात शिरल्या, तेव्हा मारुतीच्या पारावर बसलेले लोक उठून उभे राहिले. “लग्न कोन्हं शे?” असं एकाने विचारलंही. नाना सगळ्यांत पुढे होते आणि गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवत होते.

पहिल्याच मे महिन्यात माझी गाडी पारोळ्याच्या अलीकडे थांबली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पुढे ट्रकांची रांग होती, गाडी सरकत-थांबत चालली होती. अचानक समोर एक पिवळा दिवा लागला आणि गिअर पडेना. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. बॉनेट उघडून बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही नवरा-बायको उभे राहिलो. अर्ध्या तासाने गाडी मुकाट्याने सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. शोरूममध्ये त्यांनी लॅपटॉप जोडला, “काही दोष दिसत नाही, अपडेट मारून दिलंय,” असं सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा थांबली. पुतण्याची नरडाण्याजवळ थांबली. बाकीच्यांचंही तेच झालं. फक्त नानांची कधी थांबली नाही, कारण ती लग्नाला आणि देवाला सोडून आच्छादनाबाहेर निघतच नसे.

आमच्याकडे जुनी गाडी घेणारा आधी गाडी बघत नाही. तो गावात येतो, पारावर बसतो, चहा पितो आणि गाडीची चौकशी करतो. एकदा पारावर गाडीचं नाव खराब झालं की ती भंगारात गेल्यासारखीच. आमच्या तर पाच गाड्या एकसारख्या. एकीला नाव ठेवलं की पाचही बुडाल्या. पुढच्या आखाजीला सगळे गावी जमले होते. आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खाऊन पुरुषमंडळी ओसरीवर लवंडली होती, तेव्हा नानांनी गाड्या विकून टाकण्याचा विषय काढला.

“बठ्ठ्या गाड्या इकाई जाऊ द्या, मंग काय बोलनं ते बोला. तोपर्यंत गाडी एक नंबर शे.”

“आणि रस्त्यात थांबली तर?” पुतण्याने विचारलं.

“तर खाले उतरनं, फोन कानले लावना, आनि बोलत उभं ऱ्हानं. लोकेसले वाटी, साहेबना फोन उना.”

सगळे हसले. मीही हसलो. पुढे बऱ्याच वेळा मी रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीशेजारी उभा राहून कुणीच नसलेल्या फोनवर बोललो आहे.

त्याच सुमारास वेबसाइटचा मेसेज आम्हा सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. आपल्या गाडीचा अनुभव नोंदवा. मालकांच्या उत्तरांवरून ते प्रत्येक गाडीला भरवशाचे गुण देत आणि ते जिल्ह्याप्रमाणेही दाखवत. आपल्या हवेत, आपल्या रस्त्यांवर गाडी कशी चालते हे कळावं, असा त्यामागचा हेतू. कल्पना चांगलीच होती. नाना म्हणाले, “मास्तर, तू लिखनारा माणूस. बठ्ठास्नं तूच लिखी दे.”

मी नकार देऊ शकलो असतो. मी सगळ्यांचे मोबाईल मागून घेतले आणि दुपारभर बसून लिहिलं. मला ते लिहिताना मजा आली, हे सांगितल्याशिवाय या लिखाणाला अर्थ नाही. शेतकऱ्याच्या मतात मी शुद्धलेखनाच्या चुका केल्या. ठेकेदाराच्या मतात खडीच्या रस्त्याचा उल्लेख घातला. माझ्या स्वतःच्या नावावर मथळ्यातली ओळ लिहिली. मग माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांनीच पैकीच्या पैकी दिले तर शहाण्या माणसाला संशय येतो. हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. म्हणून पुतण्याच्या मोबाईलवरून मी चारच तारे दिले आणि लिहिलं: ‘गाडी उत्तम, गिअरबॉक्सचा काहीच प्रश्न नाही, पण हॉर्न फार बारीक आहे, ट्रकवाल्याला ऐकू जात नाही.’ त्या गाडीचा हॉर्न खरोखरच बारीक होता. सगळ्यांच्या मतांमध्ये मिळून खरं वाक्य तेवढं एकच.

आमची धाकटी बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला सावद्याकडे दिलेली आहे. जिजाजींची केळी. बागेत रोज स्वतः फेरी मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. मला ते ‘परफेसर’ म्हणत. आखाजीला अक्काला घेऊन आले की हमखास छेडत, “परफेसर, तुमच्या गणितानं सांगा, यंदा केळीले भाव राहीन का?” मी गप्प बसलो की अक्काला म्हणत, “पाह्य, तुह्या भावाले वरच्या इयत्तेचं येतं, खालच्या इयत्तेचं नही येत.” गाड्यांचा विषय निघाला त्या आखाजीला मात्र ते दोघं आले नव्हते.

त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. त्यातून सावरले, पण डावा पाय अशक्त राहिला. क्लच दाबणं जमेना. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून बागेत जाणं त्यांना नको वाटे. पोत्यासारखं नेतात, म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं, ऑटोमॅटिक गाडी असेल तर चालवा, डाव्या पायाचं काम नाही. त्या दिवसापासून ते मोबाईल घेऊन बसले. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला, तोही तिकडून शोधत होता. आणि जिजाजींनी शोधलं ते शहाण्या माणसासारखंच. देशभराचे गुण त्यांनी बाजूला ठेवले. पुण्या-बंगळुरूच्या हवेत चाललेली गाडी आपल्याकडच्या मे महिन्यात चालेलच असं नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं. त्यांनी धुळ्याचे गुण काढले.

मग त्यांचा फोन आला.

“परफेसर, तुमच्याच मॉडेलले धुळ्यात लय गुण पडेल आहेत. यावर भरोसा ठेवू का?”

त्या वेळी पाचांपैकी फक्त दोन गाड्या विकल्या गेल्या होत्या. माझी बघायला रविवारी दोंडाईच्याचे एक गृहस्थ येणार होते. मी म्हटलं, “तुम्हाला काय वाटतं?”

“मले त बाकीच्यांपेक्षा तो हॉर्नवाला पटला. जो मानूस हॉर्नची तक्रार करतो, तो गिअरबॉक्सचं लपवीन काहाले?”

मी त्या क्षणी काही बोललो नाही, असं लिहायचं मनात होतं. पण मी बोललो. मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं.”

“आन् तुमची?”

“माझी काय, उत्तम.”

संध्याकाळी मुलाचाही पुण्याहून फोन आला. “मामा, तुम्ही सांगताय म्हणून घेतोय हां.” मी त्यालाही हो म्हटलं. रविवारी ते गृहस्थ आले, गाडी घेऊन गेले. मी सुटलो. आमच्या पारावर चौकशी करून गेलेल्या त्या माणसाचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

जिजाजींनी गाडी घेतली तेव्हा हिवाळा होता. रोज बागेत, आठवड्यातून एकदा सावद्याच्या बाजारात, कधी अक्काला घेऊन जळगावला. फोनवर आवाज पूर्वीसारखा झाला होता. “हॉर्न खरंच बारीक आहे बरं का,” एकदा म्हणाले, “पन मानूस खरा निघाला.”

मे महिन्यात ते दोघं जळगावला निघाले होते. भुसावळच्या अलीकडे केळीच्या ट्रकांची रांग लागलेली होती. सरकत-थांबत, सरकत-थांबत, आणि पिवळा दिवा. गिअर पडेना. मागून हॉर्न सुरू झाले. त्यांनी ब्रेक दाबला, ॲक्सिलरेटर दाबला, पुन्हा ब्रेक. त्यांना वाटलं, डावा पाय नकळत कशावर तरी पडतोय. हाताने पाय उचलून बाजूला ठेवून पाहिला. एका ट्रकमधून कोणी ओरडलं, “काका, जमत नही त घरी बसा ना!” अक्का खाली उतरली आणि पदर डोक्यावर घेऊन रस्त्यात उभी राहून मागच्यांना हात करू लागली. शेवटी ट्रकांवरच्या हमालांनी गाडी ढकलून कडेला लावली. तोवर अक्का रस्त्यावरच बसली होती. उष्माघात. भुसावळच्या दवाखान्यात सलाईन लावावं लागलं.

संध्याकाळी शोरूमचा मेकॅनिक आला. तोवर गाडी थंड झाली होती, पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याने इकडे-तिकडे फिरवून पाहिली आणि मुलाला फोनवर म्हणाला, “गाडीत काही नाही. बाबांचा पाय पडला असेल ब्रेकवर.”

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. अक्का डोळे मिटून पडली होती. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसलो. जिजाजी पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, भिंतीला टेकून, डावा पाय किंचित उचललेला. मुलगा रात्रीच पुण्याहून आला होता. त्यांनी मला विचारलं,

“परफेसर, तुमची कधी थांबली होती का हो? अशी?”

आजवर मला विचारलेल्या प्रश्नांपैकी याचं उत्तर सर्वांत सोपं होतं. माझी गाडी विकली गेली होती, माझं स्वतःचं काही अडकलं नव्हतं. पण पुतण्याची राहिली होती, नानांची राहिली होती. आणि समोर अक्का पडलेली. हो म्हटलं असतं, तर ती का पडली आहे हे त्याच वाक्यात सांगावं लागलं असतं.

“नाही,” मी म्हटलं. “कधीच नाही.”

त्यांनी मान हलवली. खिशातून किल्ली काढली आणि मुलाच्या हातात दिली. “पायच खोटा आहे माहा,” ते म्हणाले. मुलाने किल्ली घेतली आणि ती परत दिली नाही. देण्यासारखं कारणही त्याच्याजवळ नव्हतं. मामाची तीच गाडी कधी थांबली नव्हती.

त्यानंतर जिजाजी घरीच बसले. ओसरीवर आरामखुर्ची टाकून. बागेचं काम सालगड्यावर. गाडी अंगणात कापडाखाली. शेजारचा ड्रायव्हर मुलाच्या सांगण्यावरून अधूनमधून ती चालू करून बंद करी. आखाजीला आले तेव्हा एसटीने आले. मला परफेसर म्हणाले, पण छेडलं नाही. मी प्रत्येक वेळी ठरवी की आज सांगू. मग नाना दिसत, नानांची पांढरी गाडी दिसे, आणि ती अजून विकली गेलेली नाही हे मला पुरेसं कारण वाटे. खरं तर नानांनी मला धमकावलं नव्हतं, शपथ घातली नव्हती. ते कारण मला हवं होतं म्हणून मी ते सांभाळलं.

दुसराही उन्हाळा असाच गेला. यंदा नानांची गाडी विकली गेली. त्यांनी मला फोन करून सांगितलं, “चला मास्तर, सुटनूत. आते काय बोलनं ते बोल.” जणू माझी कोठडी त्यांनी उघडून दिली होती.

सगळ्यांत आधी मी वेबसाइट उघडली. जुनं मत बदलता येईना. म्हणून नवं लिहिलं, या वेळी पूर्ण खरं. गाडी उन्हात, रांगेत थांबते, गिअर पडत नाही, अर्ध्या तासाने सुरू होते. एकच तारा दिला. माझ्याच जुन्या पाच आणि चार ताऱ्यांच्या मध्ये तो एकटा दिसत होता. दोन-तीन दिवसांत कुणा अनोळखी माणसाने त्याखाली उत्तर लिहिलं: ‘धुळ्यात बाकी सगळे चांगलं म्हणतात. तुमचंच चालवण्यात काहीतरी चुकत असेल.’

 अनोळखी माणसाचं काही चुकलं नव्हतं. समोर जेवढं होतं, त्यावरून कुणीही हेच म्हटलं असतं. मीही विद्यार्थ्यांना हेच म्हणायला शिकवलं असतं. पण माझ्या बाबतीत ते एकदाच लिहिलं गेलं होतं. जिजाजी दोन उन्हाळे ते रोज ऐकत होते, मुलाकडून, गावाकडून, आणि स्वतःच्या तोंडून.

मी सकाळच्या एसटीने निघालो.

जिजाजी ओसरीवर होते. अक्काने पाणी दिलं. मी पाणी न पिताच सांगायला सुरुवात केली, कारण पाणी प्यालो असतो तर थांबलो असतो. पारोळ्यापासून सांगितलं. पाच गाड्या, आखाजीची दुपार, सगळ्यांचे मोबाईल माझ्या मांडीवर. रविवारचे गृहस्थ. दवाखान्यातलं ‘नाही’.

ते ऐकत होते. मधेच फक्त एकदा विचारलं, “तो हॉर्नवाला बी तुमीच?”

“मीच.”

 जिजाजींनी दोन्ही हातांनी डाव्या पायाचा गुडघा धरला.

“मंग पाय नव्हता तो,” ते म्हणाले. मला नाही, पायाकडे बघून.

अक्का दारात उभी होती. तिने पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला. इतकी वर्षं तिकडे राहूनही माझ्याशी ती माहेरच्याच बोलीत बोलते.

“भाऊ, तू मन्हा जोडे बठेल व्हता. दवाखानामा. तव्हय काबर बोलना नही?”

 माझ्याजवळ होतं ते उत्तर नानांच्या गाडीचं होतं, आणि ते तिच्यासमोर उच्चारण्याची मला लाज वाटली.

जिजाजी म्हणाले, “पोराले सांगा. आत्ता, माह्यासमोर. तो मले किल्लीले हात लावू देत नही.”

मी भाच्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते लहान झालं नाही, उलट स्वच्छ दिसू लागलं.  शेवटी तो म्हणाला,

“मामा, मी तुमच्या शब्दावर गाडी घेतली. मग तुमच्याच शब्दावर बाबांची किल्ली ठेवून घेतली. आता हे तरी कशावरून खरं मानू?”

हा प्रश्न मला कुठल्याही वर्गात कोणी विचारला नव्हता. कॉलनीतले लोक मोबाईल पुढे धरून विचारतात तोही मुळात हाच. आज कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: गुण बघा, पण गुण देणाऱ्याची गाडी अजून विकायची आहे का, ते आधी विचारा. त्या दिवशी मात्र मी भाच्याला म्हटलं, “माझ्यावर मानू नकोस. मे महिन्यात ये, रांगेत घाल, आणि स्वतः थांबवून बघ.”

 तो म्हणाला, “आईला म्हणावं, कपाटातली किल्ली बाबांना दे.”

अक्काने किल्ली आणून दिली, जिजाजी काठी घेऊन अंगणात उतरले. कापड मी ओढलं. ते ड्रायव्हरच्या जागी बसले, पण डावा पाय हाताने उचलून आत घ्यावा लागला. झटक्यानंतरसुद्धा तो असा उचलून आत घ्यावा लागत नव्हता. दोन उन्हाळे खुर्चीत बसून तो खरोखरच गेला होता. ते मला दिसलं आणि मला दिसल्याचं त्यांनाही दिसलं.

त्यांनी गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग अंगठ्याने हॉर्न दाबला. पिपाणीसारखा आवाज निघाला, कोंबड्या तेवढ्या बाजूला झाल्या.

“बारीकच आहे,” ते म्हणाले. “एवढं खरं लिहेल होतं तुमी.”

मी दार धरून उभा होतो. लावावं की उघडं ठेवावं, हे त्यांनी सांगितलं नाही.